जेवढ्यास तेवढं

बीड जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा. "पाव्हणे, गाव कोणतं?" गावावरून तालुका कळतो, तालुक्यावरून आमदार कळतो, आणि मग दुसरा प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणलात?" ते सांगितलं की विचारणारा मागे रेलून बसतो. तुम्ही कुणाला मत दिलं असेल, दसऱ्याला कुठल्या मेळाव्याला गेला असाल, कुणाच्या मयतीला जाणं टाळलं असेल, हे सगळं त्याला आता ठाऊक असतं. तुम्ही मात्र अजून गाव आणि आडनाव यापलीकडे एक अक्षर बोललेले नसता. यात दरवेळी वाईट हेतू असतो असं नाही. ओळख काढता काढता दूरचा साडू निघतो, मग चहा येतो. मीही असे पुष्कळ चहा प्यालेलो आहे.

हेच दोन प्रश्न कचेरीच्या दारातून आत येऊन टेबलाशेजारी बसले, की मात्र अडचण होते.

९ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्याचं नाव देशभर नको त्या कारणाने पोचलं. त्याआधी वर्षभर आरक्षणाच्या आंदोलनाने हवा तापलेलीच होती. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस बीड आणि माजलगावात आमदारांची घरं पेटवली गेली होती, आणि लोकसभेची निवडणूक त्याच धगीत पार पडली होती. अशा वेळी नवनीत काँवत पोलीस अधीक्षक म्हणून आले. २०२५च्या सुरुवातीला त्यांनी पोलिसांना सांगितलं की एकमेकांना आडनावाने नाही, नावाने हाक मारा. मार्चमध्ये टेबलावर ठेवायच्या पाट्या आल्या. त्यांवर नुसतं नाव होतं, आडनाव नव्हतं.

पानटपरीवर यावर हसणारे हसले. पाटीवरून काढलं, डोक्यातून कसं काढणार, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. बीडमध्ये नुसत्या नावावरून आणि बोलण्याच्या हेलावरून माणसाचा तालुका सांगणारे जाणकार आहेत. पाटीने त्यांचं काय अडणार? तरी मला त्या पाटीत एक शहाणपण दिसतं. ठाण्यात दोन हवालदारांचं वाजतं ते बहुधा रात्रपाळीवरून, बंदोबस्तावरून, नाकारलेल्या रजेवरून. ते तेवढंच असतं, आणि तेवढंच राहिलं तर मिटतंही. त्याला आडनाव चिकटलं की पाळी बाजूला राहते आणि दोन माणसांच्या मागे दोन गावं येऊन उभी राहतात. त्या गावांना रात्रपाळीशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे पाळी बदलून दिली तरी भांडण हलत नाही.

मी काही वर्षं एका कार्यालयात बसत होतो. कोणत्या, ते सोडून द्या. तसली कार्यालयं प्रत्येक तालुक्याला आहेत. मोठा हॉल, लोखंडी कपाटं, आणि उन्हाळ्यात सगळ्यांना मिळून एक कूलर. त्याचं तोंड एकतर आस्थापनेकडे करता यायचं, नाहीतर लेखा शाखेकडे. मधोमध ठेवला तर हवा सरळ दारातून बाहेर, रांगेत उभ्या लोकांना. तसं ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मे महिना, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. शिपाईमामा कुठूनतरी दोन बादल्या आणून कूलरमध्ये ओतायचे. एक दिवस मामा रजेवर होते, आणि आस्थापनावाले एक बाबू लेखावाल्या एका बाबूंना म्हणाले, "हवा खायला तुम्ही आन् पाणी भरायला आम्ही का?"

एवढंच वाक्य. दुपारपर्यंत ते हॉलभर फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यातला 'तुम्ही' अनेकवचनी झाला, म्हणजे त्या एका माणसापुरता न राहता त्याच्या सगळ्या जातभाईंना लागू झाला. मग कुणालातरी आठवलं की आस्थापनावाल्यांनी मागे एकाची वेतनवाढ रोखून धरली होती, आणि तो लेखावाल्यांच्याच गावचा होता. दोन कर्मचारी संघटना होत्याच. त्यांनी आपापला सभासद उचलून धरला. आठवडा संपायच्या आत वरच्या साहेबांकडे दोन अर्ज गेले. गंमत म्हणजे दोन्ही अर्जांत कूलरचा उल्लेख नव्हता. एकात कामातली दिरंगाई होती, दुसऱ्यात अरेरावी.

आवक-जावकच्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी एका दुपारी दोघांनाही हॉलमध्येच, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचं भांडण हवेचं हाय का पाण्याचं, तेवढं सांगा मला." दोघांना चटकन उत्तर देता आलं नाही. बाईंनी कागद घेतला आणि लिहिलं: सम तारखेला तोंड इकडे, विषम तारखेला तिकडे, ज्या दिवशी ज्याच्याकडे तोंड, त्या दिवशी पाणी त्याचं. कागद कूलरलाच चिकटवला. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली की विषमवाल्यांना लागोपाठ दोन दिवस मिळतात, हे एकाने लगेच दाखवून दिलं. बाई म्हणाल्या, "मग पाणीबी दोन दिवस भरावं लागंल की."

ते दोघे पुढे मित्र झाले असं काही घडलं नाही. जेवढ्यास तेवढं बोलायचे. "बिल पाठवलं." "मिळालं." "सही राहिली." "देतो." पण पगारबिलं वेळेवर निघायला लागली, आणि साहेबांकडचे दोन्ही अर्ज कुठल्यातरी फायलीत दबून गेले. एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांवर माया करावी अशी अपेक्षा आपण का ठेवतो, हे मला कळलेलं नाही. बिल पाठवायला माया लागत नाही.

बाईंचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला, आणि तेव्हापासून मला दुसऱ्यांच्या भांडणांची मुळं शोधायचा नाद लागला. सहकारी भांडतात ते स्वभावामुळे, असं आपण धरून चालतो: हा तापट, तो चुगलखोर, ती बाई खवचट. असतात तशी माणसं. पण पुष्कळ भांडणं नियमांनीच पेरून ठेवलेली असतात आणि ती उगवतात शेजारच्या खुर्चीत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७पासून ऑनलाइन होतात. विशेष संवर्गातल्या शिक्षकाने एखादी शाळा मागितली की तिथे बसलेल्याला उठावं लागतं. खो बसला, असं म्हणतात. उठलेला गुरुजी डोंगरातल्या एखाद्या वस्तीशाळेवर जातो आणि पुढे कित्येक वर्षं सांगत राहतो, "अमक्यानं मला खो दिला." अमक्याने फक्त पसंतीक्रम भरलेला असतो. खो संगणकाने दिलेला असतो, आणि तोही शासन निर्णयाबरहुकूम. पण संगणकाशी अबोला धरून काय उपयोग? म्हणून अबोला अमक्याशी.

मुख्यालयी राहण्याचा नियम घ्या. नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या गावी राहावं. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठरावसुद्धा मागितला जातो. प्रत्यक्षात मुलांच्या शिकवणीपायी कुटुंब शहरात, आणि नोकरी अपडाऊनवर. बीड शहरातून अहिल्यानगरला रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ला. तोवर सगळी भिस्त एसटीवर, जीपवर, नाहीतर चौघांनी मिळून पेट्रोल भरायच्या गाडीवर. शेवटची सोयीची एसटी साडेचारला असेल, तर कार्यालयही मनाने साडेचारलाच सुटतं. गावात राहणारा एखादा असतो, त्याच्या गळ्यात संध्याकाळी आलेला फोन, रविवारचा पाहुणा, रात्रीचा पंचनामा, सगळं पडतं. तो वर्षभर काही बोलत नाही. मग एक दिवस खुर्ची सरकवण्यावरून फुटतो, आणि सगळे म्हणतात, एवढ्याशा खुर्चीवरून एवढं? खुर्चीवरून नसतंच ते. ते साडेचारच्या एसटीवरून असतं. ती गोष्ट त्याने बारा महिने कुणाला सांगितलेली नसते.

त्या चौघांच्या गाडीचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. ऑफिसात एकमेकांवर कागद फेकलेले दोघं संध्याकाळी त्याच गाडीत शेजारी शेजारी बसून परततात, कारण दुसरी गाडी नाही. पहिली काही मैलं कुणी बोलत नाही. मग रस्त्यावर आडवी आलेली म्हैस, कुठल्याशा ढाब्यावर वाढलेला चहाचा भाव, असं काहीतरी निघतं. भांडण संपलेलं नसतं, पण त्याला गाडीत बसायला जागा मिळत नाही.

ज्यांना अशी गाडी नाही त्यांची भांडणं कागदावर जातात. आपल्याकडे सहकाऱ्याशी समोरासमोर भांडणं असभ्य समजलं जातं आणि त्याच्याविरुद्ध निनावी अर्ज करणं व्यवहार. माहितीचा अधिकार २००५मध्ये आला तो सरकारी कारभारात उजेड पडावा म्हणून. तो पडलाही. पण कार्यालयातल्या माणसांनी त्याचा घरगुती उपयोगही लवकरच शोधला: मेहुण्याच्या नावाने अर्ज टाकायचा आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाची प्रवासभत्त्याची बिलं, रजा, मेमो मागवायचे. २०१२मध्ये गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो आणि कारणे दाखवा नोटिसा ही नोकर आणि मालक यांच्यातली, वैयक्तिक स्वरूपाची माहिती आहे. व्यापक जनहित असल्याखेरीज ती देता येत नाही. तरी अर्ज येत राहतात. वर्तणूक नियम १९७९पासून सांगत आले आहेत की नोकरीच्या बाबतीत राजकीय वजन आणू नये. तरी भाऊंचा फोन येतो. फोन करणाऱ्या भाऊंना ना कूलर माहीत असतो, ना साडेचारची एसटी. त्यांना माहीत असतात ते सुरुवातीचे दोन प्रश्न.

आता याच जिल्ह्यातलं दुसरं एक कामाचं ठिकाण पाहू. तिथे टेबल नाही, अर्ज नाही, आणि वरचा साहेब आहे तो मुकादम. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागांतून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे काही कोयते मिळून टोळी. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते, आणि मजुरी टनावर. एक वाहन भरायचं ते सगळ्या टोळीने मिळून. एका जोडीची पात मागे राहिली की सगळ्यांची मोळी थांबते, वाहन थांबतं, कारखान्याच्या रांगेतला नंबर जातो. सहकाऱ्यांच्या भांडणाला याहून सुपीक जमीन शोधून सापडणार नाही. कोण उशिरा उठलं, कुणी आडवा पडलेला ऊस टाळून उभा धरला, कुणी वाढं जास्त नेलं, कुणाच्या पोराने कुणाच्या कोपीतली साखर सांडली. आणि संध्याकाळी घरी जावं म्हटलं तर घर तिथेच, दहा पावलांवर, पाचटावर उभं असतं.

भांडणं होतात, मोठ्याने होतात, शिव्या देऊन होतात. पण रात्री अकराला ट्रॅक्टर फडात आला की ज्याच्याशी दुपारी तोंड झालं त्याच्याच डोक्यावर मोळी चढवायला हात द्यावा लागतो. फळीवरून मोळी घेऊन चढताना खालचा आणि वरचा यांचं जमलं नाही तर पाय घसरतो. त्या वेळी दोघांत जो शब्द होतो तो मोळीपुरताच असतो. "धर." "आली." "सोड." गाडी भरून गेली की पुन्हा भांडायला मोकळे, बहुधा तोवर झोप अनावर झालेली असते.

याचं गोड चित्र काढायची मला हौस नाही. टोळीतली शांतता काही अंशी उचलीची शांतता आहे. मध्येच सोडून जाणाऱ्याच्या मागे पैशांचा तगादा जातो, आणि भांडण मिटवणारा मुकादम काही पंच नसतो. त्याचे स्वतःचे पैसे त्या माणसांत अडकलेले असतात. खाडा झाला की दंड, मग कारण ताप असो की बाळंतपण. ज्याला निघून जाता येत नाही त्याने जुळवून घेतलं, तर त्याला समजूतदारपणाचं प्रशस्तिपत्र देणं बरं नाही. टोळीतला सर्वांत जवळचा सहकारी तर नवराच. पहाटे चारला उठून भाकरी करणारी, मग दिवसभर तोडणारी आणि रात्री मोळी वाहणारी बाई हा अर्धा कोयता. हिशेब मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती. फडात झालेली कुरबूर कोपीत येते, कोपीतली फडात जाते. या दोन सहकाऱ्यांमध्ये आवक-जावकच्या बाई कुठून आणायच्या?

तरीही त्या "धर, आली, सोड" मध्ये काहीतरी आहे, आणि ते नुसत्या लाचारीतून आलेलं नाही. दोघांच्या भांडणापेक्षा तिसरी एक वस्तू त्या क्षणी मोठी असते आणि ती दोघांनाही दिसत असते. कचेरीत ती दिसत नाही. तिथली मोळी कुणाच्या डोक्यावर आहे हे कळायला खिडकीबाहेर पाहावं लागतं, आणि कूलरच्या काळात खिडक्या बंद असतात.

मोठ्या माणसांचंही यात काही वेगळं होत नाही. टिळक आणि आगरकर हे मराठीतले सर्वांत गाजलेले भांडलेले सहकारी. १८८०च्या न्यू इंग्लिश स्कूलपासून दोघं बरोबर. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवसही बरोबर. मग फाटलं. शाळेत आपण शिकतो की एक म्हणाले आधी राजकीय, दुसरे म्हणाले आधी सामाजिक. ते खरंच आहे. १८८७मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला तो याच वादातून. पण १८९०मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली त्या प्रकरणात अगदी ऑफिसातले म्हणावेत असे मुद्दे होते: आजीव सदस्यांनी बाहेरून पैसे मिळवावेत की नाही, पगार वाढवावेत की नाही, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घ्यावं की नाही. साडेचारच्या एसटीचे थोर पूर्वज म्हणावेत असे हे प्रश्न. दोघांनी एकमेकांवर छापून जे लिहिलं ते आज वाचताना अवघडल्यासारखं होतं. तरी एक पाहा. ज्याला सोबत काम करणं अशक्य वाटलं तो राजीनामा देऊन बाहेर पडला, आणि शाळा-कॉलेज चालू राहिलं. आगरकर पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. १८९५मध्ये ते गेले तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. इतकं भांडूनही वर्गातल्या पोरांचा तास बुडाला नाही, हे मला त्या भांडणातलं मोठं यश वाटतं. सोडून जाता येणं हीसुद्धा एक सोय असते, आणि ती त्या दोघांना होती. टोळीला नसते.

म्हणून सहकाऱ्याशी कसं वागावं याचे जे उपदेश ऐकायला मिळतात, त्यांत मला नेहमी एक गृहीत धरलेली गोष्ट खटकते: दोघं सारख्याच खुर्चीवर बसले आहेत. आरोग्य केंद्रातली कंत्राटी नर्स आणि कायम नोकरीतली नर्स यांचं भांडण झालं तर दोघींचं पणाला लागलेलं सारखं नसतं. एकीचा आदेश अकरा महिन्यांचा असतो. तिने 'शांतपणे समोर बसून बोलावं' हे म्हणणं सोपं आहे. समोर बसल्यावर तिच्या खुर्चीचा एक पाय कमी आहे हे सगळ्यांना दिसत असतं. तिथे पुढाकार कायम असलेलीने घ्यायला हवा. शहाणपण दोघींना सारखं असलं तरी जोखीम सारखी नाही.

आणि प्रत्येक गोष्ट लहान करून पाहायची नसते, हेही सांगायला हवं. कूलरचं भांडण वाढवून जातीचं करणं जसं वाईट, तसंच अंगचटीला येणाऱ्याची गोष्ट घटवून 'दोघांचं पटत नाही' एवढी करणंही वाईट. बीडच्या कचेऱ्यांमध्ये हे दुसरं जास्त शांतपणे होतं. "सोडा ओ बाई, मोठे आहेत ते, स्वभावच आहे त्यांचा चेष्टेचा." विशाखा प्रकरणाचा निकाल १९९७चा आणि लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. जिथे तेवढी माणसं नाहीत, किंवा मालकाविरुद्धच तक्रार आहे, तिथल्यांसाठी जिल्ह्याला एक स्थानिक समिती असते. फडातली बाईसुद्धा तिथे जाऊ शकते, कायदा तिला कामगारच मानतो. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची. कायदा हे सांगतो. त्या समितीचं दार कुठे आहे हे किती बायांना माहीत असेल, हा प्रश्न कलेक्टर कचेरीच्या फाटकावर उभं राहून विचारून पाहावा. अशा गोष्टीत समजुतीने घेणारे सहकारी हे समजूतदार नसतात. ते कचेरीची शांतता त्या बाईच्या खर्चाने विकत घेत असतात.

मग उरलेल्या, रोजच्या, खरोखरच कूलरएवढ्या भांडणांचं काय करावं? मला फार काही सुचलेलं नाही. ज्याचं त्याला सांगावं, आणि चौथ्या टेबलाला सांगायच्या आधी सांगावं. सांगताना 'तुम्ही नेहमी' आणि 'तुमच्यातले' हे शब्द गिळावेत. 'परवाचं बिल' म्हणावं, कारण परवाच्या बिलाचं उत्तर देता येतं आणि 'नेहमी'चं देता येत नाही. व्हॉट्सअॅपच्या कार्यालयीन ग्रुपवर तर बोलूच नये, कारण तिथे माणूस सहकाऱ्याशी न बोलता प्रेक्षकांशी बोलतो. तोंडी ठरलं तर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. त्यामागे अविश्वास नको. तीन महिन्यांनी दोघांनाही ठरलेलं वेगवेगळं आठवतं, एवढंच. वर जायचंच असेल तर समोरच्याला सांगून जावं. आणि भाऊंना फोन करू नये. केलेला फोन परत घेता येत नाही, आणि त्याची परतफेड आपल्या खुर्चीवरून कधीतरी मागितली जाते.

याचा मोठ्या मापातला नमुनाही याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. ऊसतोड मजुरांच्या दरासाठी संप व्हायचे, कोयते बंद राहायचे, आणि मग लवाद बसायचा. मजुरांच्या बाजूने परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे, कारखान्यांच्या बाजूने शरद पवार. बाहेर सभांमध्ये या दोघांनी एकमेकांना काय काय म्हटलं ते त्या काळच्या कुणालाही विचारा. नव्वदच्या दशकातलं निम्मं राजकारण त्यावर चाललं. लवादाच्या टेबलावर मात्र विषय एकच असायचा, टनाला किती. मुंडे २०१४मध्ये गेले. पुढे त्यांच्या जागी पंकजा मुंडे बसू लागल्या. २०२०मध्ये मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये सरासरी चौदा टक्के वाढ ठरली, २०२४च्या जानेवारीत चौतीस टक्के. वाढ पुरेशी होती का? मजुरांच्या संघटना नाही म्हणतात, आणि महागाईकडे पाहिलं तर त्यांचं ऐकावं लागतं. पण पद्धत पाहण्यासारखी आहे. कुणी कुणाचं हृदय बदलायला तिथे येत नाही. करार ठरावीक हंगामांपुरता होतो. मुदत संपली की हीच माणसं पुन्हा याच टेबलावर येणार, हे दोघांनाही माहीत असतं. उद्या पुन्हा बसायचंय हे माहीत असलं की आज बोलताना एखादा शब्द आपोआप मागे राहतो.

आपल्या कचेऱ्यांतल्या भांडणांना अशी मुदत नसते. वीस-वीस वर्षांपूर्वीच्या वेतनवाढीवरून आजही एकमेकांच्या मुलीच्या लग्नाला न जाणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी जावं असा माझा आग्रहही नाही. न जाऊ देत. आवडीनिवडी, राग, जुने हिशेब हे ज्याच्या त्याच्या घरचे. त्यावर शासन निर्णय निघू शकत नाही आणि निघू नये.

मी एवढंच बघतो की या सगळ्यात खिडकीपलीकडच्या माणसाचं काय झालं. तो शिरूर कासारकडच्या एखाद्या वाडीवरून दोन गाड्या बदलून आलेला असतो, पोराच्या प्रवेशासाठी दाखला हवा असतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवूनच तो उभा असतो. आत कोण कुणाशी बोलत नाही याची त्याला कल्पना नसते. "साहेब नाहीत, उद्या या" असं त्याला सांगितलं जातं, तेव्हा साहेब जागेवर असतात. फाइल दोन टेबलांच्या मध्ये अडकलेली असते, कारण एकाने ती सरकवायची नाही आणि दुसऱ्याने मागायची नाही असं ठरलेलं असतं. या माणसाचा दाखला त्याच दिवशी निघाला, तर आतल्या दोघांनी खुशाल भांडावं, आणि मोठ्यानं भांडावं. तो निघाला नाही, तर ते कितीही हळू आवाजात भांडत असले तरी त्यांचं भांडण हाताबाहेर गेलेलं आहे.